अक्रोडाचा दस्ता प्रतापला, नळी दिगंबरला

दिगंबर, चष्मा डोक्यावर आहे. खाली ओढ. आता आपण इथे कशाला बसलो आहोत हे विसरायच्या आत वाचायला लाग, मोठ्याने, आणि मध्येच फोन घ्यायला उठू नकोस. मागे उठलास तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं होतं आणि तू परत येऊन विचारलंस, "कसला वास येतोय?"

मी, श्रीमती द्वारकाबाई मोरेश्वर निम्हण, मूळ राहणार पाषाण, जिल्हा पुणे, हल्ली मुक्काम कॅरी, नॉर्थ कॅरोलायना, मुलाच्या, दिगंबरच्या, घरी. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास (पासपोर्टवर एक जून आहे, ती तारीख दिगंबरने बसवली, मला न विचारता). धंदा घरकाम, बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना न्हाऊ घालणे, आणि अलीकडे बंदुकीचं लाकूड चोळणे. स्वखुशीने, कोणाच्या शिकवण्यावरून नव्हे आणि कोणाच्या धाकाने तर नव्हेच, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. लिहिणारी आसावरी, जी इथल्या विद्यापीठात शिकते आणि शनिवारी आमच्याकडे जेवते. मी बोलले तसं लिहायचं, सुधारायचं नाही, अशी तिला ताकीद आहे. आत्ता हसली ते लिहिलं नाही तरी चालेल.

माझी बुद्धी शाबूत आहे. त्यासाठी डॉक्टरचा दाखला जोडत नाही, कारण खुद्द अमेरिकेच्या सरकारने तशी खात्री करून घेतली आहे. माझ्या नावावर बंदूक घेतली तेव्हा दुकानदाराने एक फॉर्म पुढे केला. मला वाचता येत नाही म्हटल्यावर त्याने प्रश्न विचारायचे, माझ्या नातीने, निधीने, मराठीत सांगायचे, दिगंबरच्या मित्राने, प्रतापने, उत्तरं लिहायची आणि दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या, असं ठरलं. पहिल्यांदा विचारलं, तुम्ही कायद्यापासून फरार आहात का? मी म्हटलं, "सासरहून एकदा पाठच्या दाराने माहेरी पळाले होते. ते धरायचं का?"

दिगंबर घामाघूम. "आई, नुसतं 'नो' म्हण!"

मग विचारलं, लष्करातून काढून टाकलंय का? कधी वेडी ठरवलंय का? मी म्हटलं, धाकट्या जावेने ठरवलंय, पण लेखी नाही. प्रतापने सगळीकडे "नो" लिहिलं. दुकानदाराने सरकारला फोन लावला, सरकार तिकडून "ठीक आहे" म्हणालं, आणि बंदुकीचा नंबर असलेला लोखंडी भाग माझ्या हातात आला. तेव्हा यापुढे कोणी म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणाल, तर आधी सरकारला फोन लावा.

मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. वकिलाने इंग्रजीत कायद्याचं मृत्युपत्र केलं आहे, त्यावर मी अंगठा दिला आहे. त्यात आहे तेच यात आहे, फक्त त्यात चव नाही. हे मात्र मी गेल्यावर उघडायचं नाही. उद्या रविवारी, दिगंबर आणि प्रताप दोघे समोरासमोर बसलेले असताना वाचायचं. मृत्युपत्र ऐकून लोकांची तोंडं कशी होतात हे आजवर एकाही मेलेल्या माणसाला बघायला मिळालेलं नाही. मला बघायचं आहे.

कलम पहिले. पाषाणच्या दोन खोल्या. या माझ्या यजमानांनी बांधल्या. ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. उभी हयात काडतुसं पेट्यांत भरली, पण स्वतः एकही उडवलं नाही. "मोजून द्यायचं आपलं काम, उडवणारे वेगळे," म्हणायचे. मी इथे पहिली गोळी झाडली तेव्हा खांद्याला धक्का बसला आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, ही बघा, एक तरी उडाली!" नेमबाजीच्या रेंजवर सगळे टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं मी देवाचं नाव घेतलं. खोल्या दिगंबरला. अट पुढे येईल. घाई करू नये.

कलम दुसरे. तांब्याचा बंब. हा सध्या माझ्या धाकट्या जावेच्या न्हाणीत आहे. चार दिवसांसाठी नेला होता, तेव्हा दिगंबर शाळेत जायचा. बंब निधीला. निधीने पाषाणला फोन करावा आणि इंग्रजीत मागावा. जाऊ इंग्रजीला घाबरते.

कलम तिसरे. सोन्याच्या पाटल्या सुनेला, मृणालिनीला. तिने माझ्याशी भांडण कधी केलं नाही, त्यामुळे मला बरीच वर्षं करमत नव्हतं. जेवायच्या टेबलावर बंदुकीचे भाग ठेवायचे नाहीत एवढा तिचा एकच नियम, आणि आवाज चढवला तोही एकदाच, दिगंबरने बंदुकीचा बोल्ट, काडतूस आत ढकलणारा दांडा, धुवायला भांड्यांच्या मशीनमध्ये लावला तेव्हा. दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. पाटल्या देण्याचं खरं कारण आणखी एक आहे, ते फ्रीझरच्या कलमात कळेल. या मृत्युपत्राची व्यवस्थापक मी तिलाच नेमते. बाकीचे वस्तू ठेवतात कुठे हे विसरतात.

बँकेत जे काही असेल ते निधीच्या शिक्षणाला. किती ते मला ठाऊक नाही, कोणी सांगूही नये.

कलम पुढचे. वाळूच्या पिशव्या. बंदूक टेकवायला रेंजवर जाडजूड कॅनव्हासच्या पिशव्या विकत मिळतात. मी माझ्या जुन्या लुगड्यांच्या शिवल्या, दुहेरी टाक्याच्या, कोपरे दुमडून. हॅरल्डने एक बघितली. हॅरल्ड म्हणजे रेंजवरचा सगळ्यांचा गुरू. वयाने माझ्याहून थोडा लहान, बोलतो कमी, आणि तुमची नळी लाकडाला टेकते का हे बघायला खिशातली नोट नळीखालून सरकवतो. नोट अडली की नुसता "हं" म्हणतो. त्या "हं"ने मोठमोठ्या इंजिनियरांचं तोंड उतरतं. त्याने पिशवी हाताळली, दाबली, नाकाला लावली, आणि निधीला म्हणाला, आजीला विचार, माझ्यासाठी एक शिवेल का. मग त्याच्या मित्राला एक, मित्राच्या बायकोला एक, असं करत आता रेंजवर निम्म्या बाकांवर माझी लुगडी आहेत. हिरवं लुगडं डोहाळजेवणाचं होतं, त्यावर आता एक निवृत्त पोस्टमन गाल टेकवतो. या पिशव्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याच राहाव्यात. फाटल्या तर वाळू काढून उरलेल्या कापडाचं पायपुसणं करावं, पण टाकू नये.

सुई, दोरा आणि अंगुस्तान आसावरीला मी आत्ताच हातात दिलं, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं वकील म्हणाला. जिवंतपणी देण्याला त्याची हरकत दिसली नाही.

आता बंदुकीचं कलम. प्रताप, सरळ बस.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. प्रताप देशकर, नागपूरचा, दिगंबरच्या ऑफिसात लागला तेव्हा पहिल्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला आला आणि दर शनिवारी येत राहिला. व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक हाताळायची तर शिकारीचा परवाना असावा लागतो. म्हणून ज्याने जन्मात अंडं फोडलं नाही, त्याच्या पाकिटात हरणं मारायचा परवाना आहे. दर वर्षी न चुकता नवा करतो.

"मावशी, मी फक्त कागदाला गोळी मारतो हो," म्हणाला.

"मग हरणांना कळवलंस का? ती बिचारी वर्षभर जिवाला घाबरून असतील."

तर या दोघांनी आणि हॅरल्डने गॅरेजमध्ये माझी बंदूक बांधायला घेतली. विकतची तयार का नको, असं मृणालिनीने विचारलं, तेव्हा तिघेही तिच्याकडे असे बघायला लागले, जणू तिने घरच्या लग्नात बाहेरून जेवण मागवायचं म्हटलं. नळी किती जाड घ्यायची यावर एक शनिवार. चाप किती हलका ठेवायचा यावर एक शनिवार, भजी संपली तरी वाद संपला नाही. प्रताप म्हणे मावशींच्या बोटाला हलका हवा. मी म्हटलं, या बोटांनी पाषाणातली निम्मी बाळं चोळली आहेत, चाप काय घेऊन बसलास?

अक्रोडाचं लाकूड मात्र माझ्याकडे आलं. दस्त्याला, म्हणजे ज्या लाकडात सगळं लोखंड बसतं त्याला, जवसाचं तेल मुरवायचं असतं. ब्रशने लावतात, फडक्याने लावतात, मी तळव्याने लावलं. थोडं तेल घ्यायचं आणि तळवा गरम होईपर्यंत चोळायचं. गरम झाला की तेल आत जातं. मग दिवसभर ठेवायचं आणि पुन्हा. दिगंबर मध्ये बारीक सँडपेपर घेऊन आला, त्याला मी हाकललं. तुझं डोकं जन्मताना दुधी भोपळ्यासारखं होतं, ते याच हातांनी गोल केलं, तेव्हा कुठे सँडपेपर होता? आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकायची नाही, ती आपोआप पेट घेते. दोरीवर उघडी पसरायची. हे हॅरल्डने सांगितलं, आणि या घरात हे फक्त मी आणि निधी पाळतो.

उन्हाळ्यात बंदूक पहिल्यांदा चालली. मी बाकावर, लुगडं बंदुकीखाली, श्वास सोडून थांबलेली. गोळ्या कागदावर लागल्या, पण तळहाताएवढ्या जागेत पांगून. मला आनंदच झाला, पण हॅरल्ड "हं" म्हणाला. लोखंड लाकडात किंचित हलत होतं. मग ठरलं की मध्ये एपॉक्सी नावाचा दगडासारखा घट्ट होणारा गोंद भरायचा, म्हणजे लोखंडाचा साचा लाकडात बसेल आणि ते जागचं हलणार नाही. पण त्याआधी लोखंडाला मेण फासायचं असतं, नाहीतर ते कायमचं चिकटतं. वड्या थापण्याआधी ताटाला तूप लावतो, तसंच.

त्या शनिवारी हॅरल्ड आला नव्हता. दोघांनीच काम केलं. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढले आणि लोखंड लाकडातून हलेना. मी दारात उभी होते.

प्रताप म्हणाला, "वॅक्स लावलं होतंस ना?"

"मी? मी एपॉक्सी मिक्स करत होतो. वॅक्स तू लावणार होतास."

"मी टेप लावत होतो यार! डबी तुझ्या हातात होती."

"मी डबी तुला देण्यासाठी उचलली होती!"

"मग दिली का नाहीस?"

प्रताप म्हणाला तू विसरतोस. दिगंबर म्हणाला तू नुसता सल्ले देतोस. तो म्हणाला, इतकी वर्षं या गॅरेजमध्ये चुकीची कामं बघून मी गप्प राहिलो. आणि हा म्हणाला, "मग स्वतःच्या घरी कर ना. माझं गॅरेज कशाला लागतं तुला?"

प्रताप भाड्याच्या एका खोलीत राहतो. त्याला गॅरेज नाही. हे दिगंबरला माहीत होतं, आणि बोलल्याबरोबर त्याचा चेहरा पडला तेही मी बघितलं. पण तो "सॉरी" म्हणाला नाही आणि प्रताप बूट घालून निघून गेला. तेव्हापासून शनिवार ओस पडला. ऑफिसात एकमेकांना मेल पाठवतात म्हणे, कामाचे, खाली "रिगार्ड्स" लिहून. हॅरल्ड मात्र येतो. रिकाम्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतो, माझा चहा पितो आणि चिकटलेल्या बंदुकीकडे बघतो. आणि आता प्रतापने बॉथेलची नोकरी धरली आहे. या महिन्याअखेर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला चालला. कारण विचारलं तर म्हणतो, ऑफर चांगली आहे, मावशी. मी न्हाऊ घातलेली बाळं सुद्धा याहून बरं खोटं बोलायची.

मला मंगळवारची भीती नाही. मंगळवारनंतर यांना एका टेबलाशी कोण बसवणार, ही भीती आहे. म्हणून हा खटाटोप.

फ्रीझरचं कलम. परवा हॅरल्डने निधीकरवी सांगितलं, लोखंड आणि एपॉक्सी थंडीने सारखे आकसत नाहीत, त्याने पकड सुटते. बंदूक गोठवून बघायची का? मी म्हटलं, विचारतोस काय. गॅरेजातल्या आडव्या फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटांखाली, खोवलेल्या नारळाच्या डब्यांशेजारी, माझी बंदूक निजवली. संध्याकाळी मृणालिनीने नारळ काढायला झाकण उघडलं. आत बघितलं. बंद केलं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, मटार संपलेत वाटतं. मी आणते." दिगंबरला अक्षर बोलली नाही. पाटल्या यासाठी.

काल शुक्रवारी निधी शाळेतून आली, हॅरल्ड आला. निधीने दस्ता पोटाशी धरला, हॅरल्डने रबरी हातोडी घेतली. एक ठोका, काही नाही. दुसरा, काही नाही. मी म्हटलं, थांबा, मी हात ठेवते. लाकूड बर्फासारखं होतं, पण माझा हात ते ओळखतो. तिसऱ्या ठोक्याला आतून 'टक्' असं हाताला लागलं. मी ओरडले, "मार!" हॅरल्डने मारला.

"आजी, इट्स आउट! इट्स आउट!" निधी उड्या मारायला लागली, मी सुद्धा मारली असती, पण झडपेची आठवण झाली. लाकडाचा टवकाही उडाला नाही. आत साचा असा उतरलाय, गुळगुळीत, की त्यात बोट फिरवतच राहावं. हॅरल्ड वाकून बराच वेळ बघत राहिला. "हं" म्हणाला नाही. टोपी काढली.

दिगंबर, आता वाचणं थांबव. प्रताप, तू पण ऊठ. दोघे गॅरेजमध्ये जा आणि टेबलावरची चादर उचला. जा. आसावरी, इथे जागा सोड.

आलात? बसा. शेजारी बसलात तरी चालेल, कागद एकच आहे.

वाटणी अशी. नंबर असलेलं लोखंड आणि नळी दिगंबरला. तो इथला नागरिक आहे, कायद्याने बंदूक म्हणजे तोच भाग, तेव्हा ती जबाबदारी त्याची. अक्रोडाचा दस्ता प्रतापला. व्हिसाचं काही खरं नाही, पण लाकडाला कोणी व्हिसा विचारत नाही. बोल्ट हॅरल्डला, कारण त्याला बोलावल्याशिवाय काही जुळवता कामा नये. वरची दुर्बीण निधीला. दोघांनी मारलेल्या गोळ्या कुठे लागल्या हे तिने सांगायचं आणि दोघांनी ऐकायचं. म्हणजे चौघे जमल्याखेरीज एकालाही गोळी झाडता येणार नाही. प्रतापने दस्ता बॉथेलला न्यावा, भिंतीला टांगावा, अधूनमधून तेल द्यावं, आणि वर्षातून एकदा तरी विमानात घालून गॅरेजमध्ये आणावा. बॉथेलला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. परत यायला कारण नाही असं तुला म्हणता येऊ नये, एवढंच.

दिगंबर, बाजारात प्लॅस्टिकचे तयार दस्ते मिळतात हे मला ठाऊक आहे. तो आणून बसवलास, तर पाषाणच्या दोन्ही खोल्या धाकट्या जावेला जातील, बंबासकट. ही ती अट.

पहिली गोळी प्रताप निघण्याच्या आधीच्या शनिवारी झाडायची, मी असले तरी आणि नसले तरी. सुतकात बंदूक चालवावी का, हे मी देवळातल्या गुरुजींना विचारून घेतलं आहे. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, याविषयी काही आढळत नाही. मी असले तर पहिली गोळी माझी. नसले तर कोणाची यावर भांडा, पण बाकावर बसून भांडा.

याआधी मी तोंडी जे काही कोणाला कबूल केलं असेल, विशेषतः जावेला, ते सगळं रद्द. हे वाचून दाखवलं, मी ऐकलं, दोन ठिकाणी आसावरीने मऊ शब्द घातले होते ते काढायला लावले, आणि शुद्धीत, चहा पिऊन झाल्यावर, डाव्या हाताचा अंगठा दिला.

द्वारकाबाई मोरेश्वर निम्हण, यांच्या डाव्या अंगठ्याची निशाणी

साक्षीदार:
१. आसावरी केळुसकर, लिहिणार
२. शुभा ताटके, शेजारी. अंगठा देताना समोर हजर

स्थळ: कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
दिनांक: १४ ऑक्टोबर २००६, शनिवार

ता. क. शाई पुसल्यावर आठवलं म्हणून आसावरीला पुन्हा बसवलं आहे. दिवाळी येत्या आठवड्यात आहे. मी मंगळवारी गेले तर या घरात कढई चढणार नाही. अशा घरी फराळ बाहेरून येतो, आणि जो सगळ्यात जवळचा, त्याचा डबा पहिला यायला हवा. प्रताप, पहिला डबा तुझा. दुकानातला मला कळेल, कसा ते विचारू नकोस. तुला चकली येत नाही. दिगंबरला सोऱ्या दाबता येतो, त्याला तुझ्या खोलीवर बोलावून घे. सुतकातल्या माणसाने सोऱ्या दाबला म्हणून देव रागावला, तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बघून घेईन. आणि मी राहिले, तर कढई आपल्या घरी, पण सोऱ्यापाशी माणसं हीच दोन. भाजणी मृणालिनीने दळून ठेवली आहे. चकल्या झणझणीत करून पाठवायच्या, लाडू नकोत, आणि हॅरल्डच्या वेगळ्या पुडीत, बिनतिखटाच्या.